पार्सलाचा माग

पूर्वीं एखादा गृहस्थ काशीयात्रेस निघाला म्हणजे तो परत येऊन दारांत उभा राहीपर्यंत घरच्या मंडळींस त्याची खबर मिळत नसे. वाटेंत भेटलेल्या एखाद्या यात्रेकरूनें निरोप आणला तर तेवढाच आधार. आज मात्र कोल्हापुराहून लंडनास निघालेला चपलांचा एक साधा जोड कोणत्या दिवशीं कोणत्या शहरांत होता, हें आपण घरबसल्या मोबाईलच्या पडद्यावर वाचूं शकतों. आपल्या शाळेच्या पालकमंडळींपैकीं कोणी कापड, कोणी चपला, कोणी लोणचीं-पापड परदेशांतील ग्राहकांस विकीत असतील. कित्येक विद्यार्थी पुढें हाच उद्योग करतील. त्या सर्वांस या व्यवहाराची आंतील रचना ठाऊक असणें हिताचें आहे, असें वाटून आम्ही हा विषय निवडला आहे.

पडद्यावरील मजकूर वाचून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, कोठें तरी एखादें यंत्र त्या पार्सलावर रात्रंदिवस नजर ठेवून आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. सामान्य पार्सल स्वतः होऊन आपला ठावठिकाणा कोणास कळवीत नाहीं. ज्या ज्या ठिकाणीं तें एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें, त्या त्या ठिकाणीं कोणी तरी केलेली नोंद तेवढी आपणांस वाचावयास मिळते. दिसते ती नोंद, वस्तु नव्हे. एवढें एक सूत्र ध्यानांत ठेविलें तर परदेशीं माल धाडण्याच्या व्यवहारांतील बहुतेक कोडीं उलगडतात. आणि तें विसरलें तर पैसा व पत हीं दोन्ही गमावण्याची पाळी येते.

उदाहरणादाखल कोल्हापुरी चपलेचाच एक जोड घेऊं. या चपलेस २०१९ सालीं भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली, आणि महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांशीं तिचें नांव कायद्यानें जोडलें गेलें. समजा, तेथील एका कारागिराच्या मुलीनें लंडनांतील एका ग्राहकास एक जोड विकला. ग्राहकानें पैसे आगाऊ भरले आहेत. त्यानें या मुलीस कधीं पाहिलें नाहीं, व मुलीनें त्यास. पैसे भरल्यापासून पार्सल हातीं पडेपर्यंत या दोघांमध्यें दुवा काय तो पार्सलावर चिकटविलेल्या एका क्रमांकाचा.

हा क्रमांक परक्या देशांत चालतो कसा? १८७४ पूर्वीं प्रत्येक देशास इतर देशांशीं टपालाचे निरनिराळे करार करावे लागत. दर निराळे, वजनाचीं मापें निराळीं आणि हिशेबहि निराळे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं २२ देशांनीं एक करार केला, व त्यांतून आजचा जागतिक टपाल संघ उभा राहिला. टपालापुरता सर्व सभासद देशांचा मुलूख एकच समजावा, हें त्याचें मूळ तत्त्व होय. हिंदुस्थान १८७६ सालीं त्यांत सामील झाला. आज १९२ देश या संघाचे सभासद आहेत, आणि १९४८ पासून तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेष संस्थांपैकीं एक आहे. कोल्हापुरांतील टपालकचेरीनें चिकटविलेला क्रमांक लंडनचा टपालवाला मान्य करतो, तो या संघानें ठरवून दिलेल्या समान नियमांच्या बळावर.

त्या क्रमांकाची घडण मोठी मनोरंजक आहे. आरंभीं दोन रोमन अक्षरें, नंतर आठ आंकडे, मग एक तपासणीचा आंकडा, आणि शेवटीं देशाचीं दोन अक्षरें, एकूण तेरा. पहिल्या अक्षरावरून टपालाचा प्रकार कळतो. 'ई' असल्यास जलद टपाल, 'सी' असल्यास पार्सल. शेवटचीं 'आय एन' हीं अक्षरें भारताचीं, 'जी बी' हीं ब्रिटनचीं. यांतील तपासणीचा आंकडा कसा काढतात, तें गणिताची आवड असलेल्या आमच्या बालमित्रांनीं कागदपेन्सिल घेऊन अवश्य करून पाहावें. समजा, आठ आंकडे १२३४५६७८ असे आहेत. त्यांस अनुक्रमें ८, ६, ४, २, ३, ५, ९ व ७ यांनीं गुणावें. गुणाकार ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ व ५६ असे येतात आणि त्यांची बेरीज २०४ होते. तीस ११ नें भागिलें असतां बाकी ६ उरते. ११ मधून ६ वजा करितां ५ राहतात. हाच तपासणीचा आंकडा. उत्तर १० आल्यास ० लिहावयाचें व ११ आल्यास ५ लिहावयाचे, असा संकेत आहे.

आतां एखाद्या कारकुनानें घाईघाईनें शेवटचे दोन आंकडे उलटे, म्हणजे ७८ ऐवजीं ८७ लिहिले असें समजा. बेरीज २०६ होईल, बाकी ८ उरेल व उत्तर ३ येईल. पण कागदावर तर ५ लिहिले आहेत! यंत्र तत्काळ सांगतें कीं, या क्रमांकांत कोठें तरी चूक आहे. एक आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन आंकडे उलटे पडले, तर ती चूक बहुधा येथेंच पकडली जाते, आणि लंडनचें पार्सल दुसऱ्याच्या नांवावर चढत नाहीं. मात्र हें गणित लिहिण्यांतील चूक पकडतें. खोक्यांत खरोखर काय आहे, पत्ता बरोबर आहे कीं नाहीं, यांविषयीं तें अवाक्षरहि बोलत नाहीं. तें काम माणसाच्या प्रामाणिकपणावर सोपविलेलें आहे.

आतां पार्सलाच्या मागोमाग आपण चालूं लागूं. कोल्हापूरच्या खिडकीवर कारकून चिठीवरील काळ्या रेघा यंत्रानें वाचतो. ही पहिली नोंद. परदेशी टपाल जेथें एकत्र करितात त्या कचेरींत, मुंबईसारख्या शहरीं, तें पोंचलें कीं दुसरी नोंद होते. तेथून रवाना झाल्याची तिसरी. ब्रिटनमधील तशाच कचेरींत उतरल्याची चौथी. तेथील जकात खात्यानें ठेवून घेतलें तर त्याची निराळी नोंद, व तेथून सुटल्याची निराळी. पुढें ग्राहकाच्या भागांतील वांटपाच्या कचेरींत आल्याची, दार बंद असल्यामुळें परत नेल्याची, आणि सरतेशेवटीं ग्राहकाच्या हातीं दिल्याची. या सर्व पायऱ्या सभासद देशांनीं आपसांत ठरविलेल्या आहेत, म्हणूनच लंडनांत झालेली नोंद थोड्याच वेळांत कोल्हापुरांत वाचतां येते.

या प्रवासांत एक जागा अशी येते कीं, तेथें भल्याभल्यांचा धीर सुटतो. 'मुंबईहून रवाना' ही ओळ दिसते, आणि पुढें कित्येक दिवस एकहि ओळ उमटत नाहीं. लंडनचा ग्राहक दररोज पत्र लिहून विचारतो. इकडे मुलीची झोंप उडते. पार्सल हरवलें, असें घरांत सर्वांस वाटूं लागतें. या मौनाचें कारण अगदीं साधें आहे. मुंबईस तें पार्सल इतर पार्सलांबरोबर एका थैलींत घालून थैलीचें तोंड बंद करून मोहोर करितात. त्या थैलीस तिचा स्वतःचा २९ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. येथून पुढें विमानतळावर व विमानांत मोजली जाते ती थैली; आंतील पार्सलें नव्हेत. थैली पुन्हां उघडेपर्यंत आंतील पार्सलाची स्वतंत्र नोंद होण्यास जागाच नसते. शिवाय 'रवाना' या शब्दाचा अर्थ टपालाच्या कचेरींतून थैली बाहेर पडली एवढाच. विमान उडालें असाच कांहीं नव्हे. विमानांत जागा नसल्यास थैली विमानतळावर थांबून राहते. म्हणून मौन म्हणजे नाश नव्हे. परंतु मौन फारच लांबलें, तर टपालाची पावती घेऊन ठरलेल्या मुदतीच्या आंत लेखी चौकशी करावी. कारण पावती नसेल तर आपलें म्हणणें कितीहि खरें असलें तरी तें सिद्ध करितां येत नाहीं.

खासगी कुरिअर कंपन्यांची रीत थोडी निराळी असते. मोठ्या कंपन्यांत पार्सल पहिल्या खिडकीपासून शेवटच्या दारापर्यंत बहुधा एकाच संस्थेच्या ताब्यांत राहतें; त्यामुळें नोंदी दाट असतात व मौनाचे दिवस थोडे. त्याचा मोबदला मात्र जास्त द्यावा लागतो. येथें नवख्या विक्रेत्यास एक गोष्ट हटकून फसविते. विमानांत वजनाइतकीच जागाहि मौल्यवान असल्यामुळें या कंपन्या खोक्याच्या आकारावरूनहि वजन काढितात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास बहुधा ५००० नें भागावयाचें. खोकें ३५, २५ व १२ सेंटिमीटरांचें असेल तर गुणाकार १०५०० होतो, आणि भागाकार २·१. मग आंतील चपला तराजूंत एक किलोच्या आंत भरल्या तरी पैसे २ किलो १०० ग्रॅमांचे पडतात. खोकें बेताचें घेतलें तर हा भुर्दंड सहज टळतो.

यापुढें जकातीचें प्रकरण येतें, आणि खरी कसोटी येथेंच लागते. परदेशीं जाणाऱ्या पार्सलावर आंत काय आहे, किती आहे, त्याची किंमत काय, तें विकलेलें आहे कीं भेट म्हणून पाठविलेलें आहे, हें लिहून द्यावें लागतें. वस्तूचें नांव प्रत्येक देशांत निराळें असणार, म्हणून ब्रसेल्स येथील जागतिक जकात संघटनेनें सर्व व्यापारी वस्तूंस सहा आंकडी क्रमांक दिले आहेत. ही पद्धति १ जानेवारी १९८८ पासून अमलांत आली. त्या यादींत ६४०३·२० हा क्रमांक काढून पाहिला तर आपणांस गंमत वाटेल. ज्या पादत्राणाचा तळ चामड्याचा आहे, आणि ज्याच्या वरच्या बाजूस पावलाच्या पाठीवरून व अंगठ्याभोंवतीं चामड्याचे पट्टे आहेत, त्याचा हा क्रमांक. आपल्या कोल्हापुरी चपलेचें वर्णन याहून नेमकें कोण करील? जो विक्रेता नुसतें 'चामड्याचा माल' असें मोघम लिहितो, त्याचें पार्सल उघडून पाहण्यावांचून जकातदारास गत्यंतर राहत नाहीं; जो नेमका क्रमांक व नेमकें नांव लिहितो, त्याचा मार्ग पुष्कळ मोकळा होतो.

किंमतीच्या बाबतींत तर मोह फार मोठा. कित्येक ग्राहक स्वतःच सुचवितात कीं, "भेट म्हणून लिहा, किंमत थोडी कमी दाखवा, जकात वांचेल." ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु तीन हजार रुपयांच्या जोडाची किंमत पांचशें लिहिली, आणि तें पार्सल वाटेंत हरवलें, तर तीन हजारांची भरपाई मागण्यास तोंड कोठें राहिलें? आपल्याच हातची नोंद आपल्याविरुद्ध साक्ष देते. शिवाय जकातदाराच्या ध्यानांत लबाडी आली तर माल अडकतो, दंड होतो, आणि त्या पाठविणाराचीं पुढचीं पार्सलेंहि संशयानें पाहिलीं जातात. चार पैसे वांचविण्याच्या नादांत वर्षानुवर्षें जमविलेली पत एका दिवसांत जाते.

जकातीचे नियम स्थिर नसतात, हेंहि विक्रेत्यानें जाणून असावें. ब्रिटननें १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या परदेशी मालावरील कर विक्रीच्या वेळींच आकारण्याची पद्धति सुरू केली. युरोपीय संघानें २२ युरोपर्यंतच्या पार्सलांस असलेली करमाफी १ जुलै २०२१ रोजीं बंद केली. अमेरिकेंत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांस जकात माफ होती. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठीं काढून घेण्यांत आली. ही जकात कोणीं गोळा करावी व कोठें भरावी याची व्यवस्था लागेना, म्हणून अनेक देशांच्या टपालखात्यांनीं अमेरिकेचीं पार्सलें घेणें थांबविलें. भारतीय टपालखात्यानेंहि २५ ऑगस्टपासून बहुतेक माल घेणें बंद ठेविलें, व १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती सेवा पुन्हां चालू केली. ते सात आठवडे ज्या लहान कारागिरांचा सारा भरंवसा टपालावर होता, त्यांनीं काय करावें? यास्तव माल पत्करण्यापूर्वीं त्या देशाचा चालू नियम पाहणें, आणि जकात आपण भरणार कीं ग्राहक, हें आधींच लेखी ठरविणें अगत्याचें आहे. दारांत आलेल्या टपालवाल्यानें अचानक पैसे मागितले तर ग्राहक पार्सल नाकारतो, आणि जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याच्या माथीं बसतो. जोखीम व खर्च कोठें एकाकडून दुसऱ्याकडे जातो हें सांगणाऱ्या संज्ञांचा एक संच पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळानें १९३६ सालींच तयार केला होता. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजहि जगभर वापरांत आहेत.

येथवर एका जोडाची गोष्ट झाली. पण परदेशांतील एखाद्या दुकानदारानें पांच हजार जोड मागविले तर ते विमानाच्या टपालानें धाडणें परवडणार नाहीं. मग समुद्राचा मार्ग धरावा लागतो, आणि तेथें लोखंडी कंटेनराचें राज्य आहे. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचें 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज नेवार्क बंदरांतून ह्यूस्टनकडे निघालें. त्यावर मालानें भरलेल्या ५८ पेट्या होत्या. तोंवर पोतीं, पिंपें व खोकीं हमाल एकेक करून जहाजावर चढवीत आणि त्यांत दिवसचे दिवस जात. पेटीची कल्पना निघाल्यावर माल कारखान्याच्या दारांत एकदां भरावा आणि ग्राहकाच्या दारांत एकदां काढावा, असें झालें. आपल्याकडे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें, तें मुख्यतः याच कामासाठीं प्रसिद्ध आहे. या पेटीवरहि क्रमांक असतोच: चार अक्षरें, सहा आंकडे, आणि येथेंहि शेवटीं तपासणीचा एक आंकडा!

जहाजाच्या मालास रेल्वेच्या बिल्टीसारखा एक कागद मिळतो, त्यास 'बिल ऑफ लेडिंग' म्हणतात. हा कागद तीन कामें करितो. माल जहाजवाल्यास मिळाल्याची तो पावती असतो. माल कोठें व कोणत्या अटींवर न्यावयाचा त्या कराराचा तो पुरावा असतो. आणि नेहमींच्या हस्तांतरणीय प्रकारांत ज्याच्या हातीं मूळ कागद तोच माल मागण्यास अधिकारी, असें समजलें जातें. पहा, येथेंहि नोंदीचेंच महत्त्व वस्तूइतकें आहे.

तथापि नोंद हातीं असणें म्हणजे वस्तु हातीं असणें नव्हे, याचा मोठा दाखला मार्च २०२१ मध्यें जगानें पाहिला. २३ मार्च रोजीं 'एव्हर गिव्हन' नांवाचें सुमारें ४०० मीटर लांबीचें जहाज सुएझच्या कालव्यांत आडवें होऊन रुतलें. त्यावर १८ हजारांच्या आसपास पेट्यांचा भार होता. २९ मार्च रोजीं तें निघालें, तोंपर्यंत शेंकडों जहाजें दोन्ही तोंडांशीं खोळंबून राहिलीं. त्या दिवसांत मालाच्या धन्यांस आपला माल कोठें आहे हें नकाशावर बोट ठेवून दाखवितां येत होतें. तरी तो मिळत मात्र नव्हता. पुढें भरपाईच्या वादामुळें इजिप्तनें तें जहाज ७ जुलैपर्यंत अडकवून ठेविलें. शिवाय जहाज वांचविण्याच्या कामीं झालेल्या खर्चाचा वांटा मालाच्या धन्यांनींहि उचलावा, असा जुना सागरी नियम लागू झाला. ज्यांनीं विमा उतरविला होता, त्यांच्या वतीनें विमा कंपन्यांनीं हमी दिली. ज्यांनीं उतरविला नव्हता, त्यांस माल सोडविण्यासाठीं स्वतःच्या पदरचे पैसे अनामत ठेवण्याचा प्रसंग आला. माग दाखविणारा क्रमांक पार्सलाचें रक्षण करीत नाहीं. रक्षण करितात तें चांगलें बांधकाम, योग्य विमा आणि खरे कागद.

या सर्व विवेचनाचें सार आम्ही थोडक्यांत असें सांगूं. पत्ता लिहितांना पिनकोडासारखा टपालसंकेत व ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक तपासून लिहावा. चिठी खोक्याच्या सपाट बाजूवर चिकटवावी. घडीवर किंवा दोरीखालीं आलेल्या रेघा यंत्रास वाचतां येत नाहींत, आणि जें वाचतां आलें नाहीं त्याची नोंद होत नाहीं. चामड्याचा माल पावसाळ्यांत पूर्ण वाळवूनच बंद करावा, नाहीं तर बुरशी ग्राहकाच्या आधीं खोकें गांठते. किंमत व वर्णन खरें लिहावें. पावती पार्सल पोंचल्याची खात्री होईपर्यंत जपून ठेवावी. आणि मौनाचे दिवस येतात हें ग्राहकास आधींच सांगून ठेवावें, म्हणजे त्याचा विश्वास डळमळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, कोल्हापूरची ती मुलगी व लंडनचा तो ग्राहक यांची गांठ कधींहि पडणार नाहीं. त्या दोघांमध्यें दहाबारा अनोळखी माणसें उभीं आहेत: खिडकीवरचा कारकून, थैली बांधणारा हमाल, जकातदार, विमानतळावरचा कामगार, परक्या देशांतील टपालवाला. त्यांपैकीं प्रत्येकानें आपल्यापुरती एक ओळ खरी व वेळेवर लिहिली, तरच समुद्रापलीकडचा विश्वास टिकतो. आज वर्गाच्या हजेरीपटावर, प्रयोगाच्या वहींत किंवा घरच्या हिशेबाच्या चोपडींत तुम्ही जी लहानशी नोंद करितां, ती नेटकी व खरी करण्याची संवय ठेवा. उद्यां कोणाचें तरी पार्सल, कोणाची तरी कमाई आणि कोणाची तरी पत तुमच्या हातच्या एका ओळीवर अवलंबून असेल.